पाट परत मागितला त्या वर्षी

त्या वर्षी मी शाळेच्या दारावर दर लिहिलेला पुठ्ठा टांगला आणि अर्ध्या वाडीने माझ्याशी बोलणं टाकलं. शाळा म्हणजे मुलांची नव्हे, गणपतीची. नांदगावच्या आतल्या बाजूला आमचं घर आहे, पडवीला लागून पत्र्याची एक लांब खोली, तिथे माझे सासरे मूर्ती करतात. पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

नागपंचमीच्या सुमारास एकेक घर आपला पाट आणून देतं, सोबत विडा आणि नारळ. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी जाते. कुठल्या घराचा पाट कुठल्या शाळेत जायचा हे आजोबा-पणजोबांच्या काळात ठरलेलं असतं. पैशांचं मात्र कुणी नाव काढत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती उचलायची, तिच्या रिकाम्या जागेवर मूठभर तांदूळ आणि नारळ ठेवायचा, नारळाखाली नोटा. किती, ते ठेवणाऱ्याने ठरवायचं. विचारणं म्हणजे मूर्तिकाराचा अपमान आणि सांगणं म्हणजे देवाचा, अशी एकूण समजूत. मी सासऱ्यांना कितीदा म्हटलं असेल की भाव सांगा, तोंड उघडा. ते माती मळत म्हणायचे, "बघतले ते."

बघतले ते! लोक काय बघत होते ते मी बघत होते. शाडूची गोण महागली, रंग महागले, मदतीला येणाऱ्या माणसाची मजुरी वाढली, आणि नारळाखालचा आकडा मात्र जिथल्या तिथे. दारात नवी गाडी उभी करून, मखराला दिव्यांच्या माळा मुंबईहून आणून, माणसं नारळाखाली अकराशे एक ठेवत होती आणि वर हात जोडत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सासरे ते पैसे न मोजता माळ्यावरच्या डब्यात टाकायचे.

माझा नवरा कणकवलीला एका कचेरीत कारकून आहे. शाळेत तो पगारातले पैसे घालत होता आणि हे सासऱ्यांना सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी जूनमध्ये तो मला म्हणाला, "ह्या वर्षी खर्च सुटलो तर सुटलो. नाय तर पुढच्या वर्सापासून खोली सिमेंटवाल्याक गोदामाक देतंय. बाबांका मी सांगतंय." हे तो भांडून नाही, शांतपणे म्हणाला, म्हणून मला जास्त भीती वाटली. आणि मग मी पुठ्ठा लिहिला.

भाव सांगायची मला लाज नव्हती, कारण तेच माझं काम होतं. कणकवलीच्या एका शोरूममध्ये मी फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकते. तिथे आम्हाला शिकवायला कोल्हापूरहून एक सर यायचे. गिऱ्हाईक "महाग आहे" म्हणालं की काय करायचं, हे त्यांनी आमच्याकडून पोपटासारखं घोकून घेतलं होतं. आधी भांडू नका, "बरोबर आहे तुमचं" म्हणा. मग विचारा, कशाच्या मानाने महाग? बजेट नाही म्हणालं तर बजेट किती ते विचारा आणि त्यात बसणारी लहान वस्तू दाखवा. किंमत वर्षांत वाटून दाखवा, म्हणजे छोटी वाटते. आणि शेवटी भाव सांगून गप्प बसा, आधी जो बोलेल तो हरला. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं होतं. माझे सासरे जन्मभर गप्प बसले होते आणि दर वर्षी हरत होते.

पुठ्ठा लागल्यावर लोक आले, पुठ्ठा वाचला, आणि नाकं मुरडली. "देवाचो पण रेट लावलास गो?" मी म्हटलं, "देवाचो नाय, मातीचो." एकीने सांगितलं की बाजारात ट्रकने आलेले गणपती निम्म्या भावात मिळतात आणि चकाकतात किती. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं, आणि तिला विचारलं की विसर्जनानंतर आठवड्याने तो ओहोळात कसा दिसतो ते बघितलंय का. तिने बघितलं होतं. एकाने बजेटचं रडगाणं लावलं, त्याला मी लहान मूर्ती सुचवली, तर तो चिडला, कारण त्यांच्या घरची उंची ठरलेली, ती कमी केली तर घरात आजारपण येतं. मग ठरलेल्या उंचीचे ठरलेले पैसे द्या, मी म्हटलं. पुटपुटत का होईना, बहुतेकांनी मान डोलावली. सासरे ह्या सगळ्यात पाठ करून बसायचे, जणू मी तिथे मासे विकतेय.

आणि मग एका मानाच्या घरचा मुलगा आला. त्यांच्या घरचा पाट म्हणजे आमच्या शाळेचा मानाचा पाट. दर वर्षी पहिला येणार तो, फणसाचा, कडेला पितळी पट्टी मारलेला. आधी त्याचे वडील आणायचे, ते गेल्यावर त्याची आई आणू लागली; त्या वर्षीही तिने तो पुठ्ठा लागायच्या आधीच आणून दिला होता. तो स्वतः मुंबईला मोठ्या हुद्द्यावर, गावात दोन मजली घर बांधलेलं, वर्षातून दोनदा येणारा. पुठ्ठ्याची बातमी त्याला फोनवर लागली आणि मला रोज एक फोटो येऊ लागला. वहिनी, हा बघा अडीच हजारात. वहिनी, ह्यात उंदीरसुद्धा आहे. ऑफिसच्या मधल्या सुट्टीत हा माणूस गणपतींचे भाव शोधत बसायचा. चतुर्थीला पंधरवडा राहिला असताना तो गावी आला आणि गाडी थेट आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, घातली.

त्याच्या पाटावरची मूर्ती तेव्हा अर्धी झाली होती. पोट, मांडी, सोंडेचा बाक, सगळं होतं, हात एकच बसला होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. सासरे बाजूच्या मूर्तीचा कान लावत होते. त्याने आत येऊन त्यांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळला.

"वहिनी, साडेचार हजार जास्त होतात हो."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "कशाच्या मानाने जास्त?"

"मागच्या वर्षी अकराशे एकच दिले होते की."

"मागच्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. ह्या वर्षी मी सांगते आहे."

"तसं नाही. घराचं काम झालं, हप्ते आहेत, बजेटच नाही या वर्षी. आपली घरं काय आजची आहेत? घरच्या माणसाला असा रेट लावतात?"

घरचा माणूस! त्याच्या मखराचं सामान गाडीच्या मागच्या काचेतून दिसत होतं, थर्माकोलचा अख्खा महाल. मला तो महाल उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण मी शोरूममधला आवाज काढला, मातीचा खर्च सांगितला, दिवस सांगितले, वर्षांत वाटूनसुद्धा दाखवलं. शेवटी भाव पुन्हा सांगितला आणि गप्प बसले. तो बोलेना, मीही बोलेना. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

मग तो म्हणाला, "नाही जमत तर राहू दे, वहिनी. पाट द्या, मी बाहेर बघतो."

हे वाक्य मी शोरूममध्ये रोज ऐकते. गिऱ्हाईक दाराकडे वळतं, दोन पावलं टाकतं आणि आपण हाक मारायची वाट बघतं. त्याला पाट नको होता, त्याला भाव कमी करून हवा होता, हे मला स्वच्छ कळत होतं. आणि मानाचा पाट गेला तर मागोमाग दहा जातील, खोलीत सिमेंट येईल, हेही कळत होतं. मी घाबरले. म्हटलं, "थांबा. तीन हजार द्या, पण हे बाहेर बोलू नका."

"बघा, जमलं ना!" तो हसून म्हणाला आणि त्याने खिशातून पाकीट काढलं.

तोपर्यंत सासरे उठले होते. त्यांनी त्याच्या मूर्तीवरचं फडकं सोडलं, हात कपाळाला लावला, आणि बाजूची पाण्याची बादली उचलून मूर्तीवर ओतली. कुणाला काही कळायच्या आत दोन्ही हातांनी सोंड दाबून पोटात घातली. तो ओरडला, "काका, काय करताय! देव आहे तो!"

"डोळे खंय उघडलेत?" सासरे म्हणाले. "डोळे उघडूक नाय तवसर माती."

"अहो, देतो ना मी पैसे! साडेचार देतो!"

सासरे थांबले नाहीत. माती कालवून त्यांनी गोळा केला, तो ढिगावर टाकला, सुरीने पाट खरवडला, पाण्याने धुतला आणि स्वतःच्या पंच्याने पुसून त्याच्यासमोर धरला. "तू पाट मागलंस, मी पाट दिलंय. आमच्या शाळेत पाट आजपर्यंत कोणी मागूक नव्हतो."

शहरात राहून तो हे विसरला होता. भाव तोडण्यासाठी माणसं काहीही बोलतात, पण पाट परत मागणं म्हणजे घराचा घराशी संबंध तोडणं, ते आमच्याकडे कुणी गमतीतसुद्धा बोलत नाही. तो पाट छातीशी धरून उभा राहिला, मग भिजत गाडीत जाऊन बसला.

तो गेल्यावर मी सासऱ्यांवर जन्मात नव्हते एवढी ओरडले. म्हटलं, भाव मी सांगायचा, शिव्या मी खायच्या, गिऱ्हाईक मी टिकवायचं, आणि तुम्ही बादली ओतायची? जन्मभरात एकदा तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली असती का? आणि रागाच्या भरात सिमेंटचं, नवऱ्याच्या पगाराचं, सगळं बोलून गेले. ते कान लावायला पुन्हा बसले होते. त्यांचा हात थोडा वेळ थांबला, मग पुन्हा चालू झाला. त्याचा मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात रिक्षा थांबली आणि त्या माणसाची आई उतरली. पाट तिने डोक्यावर घेतला होता, वर प्लॅस्टिकची पिशवी पांघरून. आत येऊन तिने पाट जमिनीवर ठेवला, त्यावर विडा ठेवला, नारळ ठेवला, पहिल्यांदा देताना ठेवतात तसा.

"झील चुकलो," मुलाच्या वतीने ती सासऱ्यांना म्हणाली. "पाट ठेवून घेवा."

सासऱ्यांनी पाटाकडे बघितलं आणि मान माझ्याकडे वळवली. "भाव तिका इचारा."

लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्या खोलीत ते मला पहिल्यांदा कशात तरी धरत होते. पण मी विरघळले नाही, माझं डोकं अजून तापलेलंच होतं. म्हटलं, "साडेचार हजार. एक रुपयो कमी नाय."

मला वाटलं ती तोंडाला पदर लावेल. ती नुसती पुठ्ठ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "माझ्या घोवान जाताना सांगल्यान, शाळेत अकराशे एक ठेवूचे. मी दर वर्सा तेवढेच ठेवत इलंय. माका वाटला, तोच भाव." मग ती सासऱ्यांकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "इतकी वर्सां तुमी कमी घेत होतास? माका कित्याक नाय सांगलास?"

"तुमी इचारलास खंय?" सासरे म्हणाले.

दोघांचे केस पांढरे, दोघं एकमेकांसमोर दर वर्षी हात जोडणारे, आणि दोघांनी मिळून शाळा बुडवत आणली होती. मला बाजूची पाण्याची बादली दोघांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली. ती ओतली नाही, पण भाव पुन्हा सांगितला, दोघांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मूर्ती झाली. पावसात सुकेना, म्हणून मी शोरूमला रजा टाकून तिच्यासमोर शेगडी धरून बसले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो मुलगा आला, डोक्यावर टोपी घालून, माझ्याकडे न बघता. त्याने मूर्ती उचलली आणि त्याच्या आईने रिकाम्या जागेवर तांदूळ ठेवले, नारळ ठेवला, नारळाखाली नोटा ठेवल्या. रीत अशी की घरची माणसं बाहेर पडेपर्यंत त्या नारळाला हात लावायचा नाही.

मी पुढे झाले, नारळ उचलला आणि तिच्यासमोर नोटा मोजू लागले. सासऱ्यांनी तोंड फिरवलं. मुलगा मूर्ती घेऊन दारातून बाहेर पडला. म्हातारी मात्र जागची हलली नाही, मोजून होईपर्यंत उभी राहिली.