तळेगावचे तीन भाऊ आणि एक होकार

वर्ध्याहून निघालेली एसटी आर्वीच्या स्टँडवर टेकली, तेव्हा कुठं कुसुमनं मला खरं काय ते सांगितलं. तोवर मी आपली समजत होते, की तिच्या गावी, तळेगावला (श्यामजी पंत) वांग्याची भाजी खायला चाललेय. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. पुण्यात आम्ही एका खोलीत राहायचो. ती भौतिकशास्त्रातली, मी तर्कशास्त्रातली. तिला बंगलोरला संशोधनाची जागा मिळाली होती आणि घरची परवानगी हवी होती. वडील आणि त्यांचे दोन भाऊ, तिघांपैकी दोघं हो म्हणाले की झालं.

अडचण अशी, की यांतले कुठलेही दोघं एकत्र बसले की एक हो म्हणतो आणि दुसरा नाही. जोडी बदलली तरी तेच. मला हसूच आलं. मतं आधीच ठरलेली असतील तर हे शक्य नाही. माणसं तीन, उत्तरं दोन, कुणातरी दोघांचं जुळणारच.

"तेच तर," कुसुम म्हणाली. "अणूच्या आतही असलंच काहीतरी चालतं. उत्तर आधीपासून आत ठेवलेलं नसतं. सोबत आणखी काय विचारलं, त्यावर ते ठरतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या अवघड कोड्यांचंही हेच रडगाणं: एकेक अट मोठी सालस, सगळ्या एकत्र आल्या की डोकी फोडतात. आमचे विषय सख्ख्या बहिणीच निघाले. मी लगेच तोडगा काढला. तिघांना एकाच सतरंजीवर बसवायचं, म्हणजे दोघांचं एकमत झाल्यावाचून सुटका नाही.

"आणि दोघं नाही म्हणाले तर?"

हे मेलं मला सुचलंच नव्हतं. तोवर बसही सुटली होती.

दुसऱ्या दिवशी मळ्यात रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) केले. रोडगे म्हटल्यावर तिघंही निमूट एका सतरंजीवर आले. मी तुपाची वाटी फिरवत हळूच विषय काढला. भाजीच्या तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे माझं बोलणं फार कळवळ्याचं वाटलं असावं.

मोठेबाबा (थोरले काका) म्हणाले, "शिकून राह्यली तं शिकू द्या पोरीले."

धाकटे काका म्हणाले, "येवढ्या दूर काऊन धाडाचं? नाई."

उरले कुसुमचे बाबा. काहीही म्हटलं तरी एका भावाशी पटल्यासारखं होणार, आणि ते त्यांना जन्मात जमलं नव्हतं. ते रोडगा चघळत राहिले. कुसुमचा घास हातातच होता. ही युक्ती माझी होती आणि फसली तर वर्षं तिची जाणार होती.

शेवटी बाबा कुसुमकडं बघून म्हणाले, "मी हो म्हणून नाई राह्यलो." मग पुढचा रोडगा फोडत, "पण तिकडं थंडी राह्यते. रजई घेऊन जाजो."

पुढं मी तर्कशास्त्राची मास्तरीण झाले आणि वर्गात हो आणि नाही अशी दोनच उत्तरं शिकवू लागले. अजूनही तेच शिकवते, पण शिकवताना आवाज जरा उतरतो.

परतीच्या दिवशी स्टँडवर कुसुम खिडकीशी बसून खुशाल रडत होती. बाबा एसटीच्या टपावर चढून रजईची वळकटी बांधत होते. खालून धाकट्या काकांनी विचारलं, "मंग तू हो म्हनला का नाई?"

"म्या कुठं म्हटलं?" असं म्हणत बाबांनी दोरीची गाठ पुन्हा एकदा आवळली.