बोटीआधीचं गाऱ्हाणं

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत सुलक्षणा नावाची बाई राहायची. ती प्रत्येक गोष्टीची तालीम करायची. लोक नाटकाची करतात, ही केस कापण्याची करायची.

कारण तिचा मुलगा नंदू. आठ वर्षांचा, देखणा आणि अजिबात न बोलणारा. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्याला ऑटिझम आहे असं सांगितलं होतं. तो शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलेलाच नव्हता, त्यामुळे ज्याच्या तोंडाला जे येईल ते तो म्हणायचा. मी समोरच्याच बिऱ्हाडात राहायचे आणि अशांशी कडाकडा भांडायचे. सुलक्षणा भांडायची नाही. तिला तेवढा वेळच नसायचा.

तिने नंदूचं एक बरोब्बर ओळखलं होतं. नवीन काही अचानक समोर आलं की तो कानांवर हात दाबून किंचाळायचा. तेच आधी घरी करून दाखवलं की निभायचं. म्हणून केस कापायची वेळ जवळ आली की आम्ही बायका गॅलरीत गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसायचो आणि ही आमच्या डोक्यावरून हवेत कात्री चालवायची. पुरुष हसायचे. हसू देत मेले.

एकोणनव्वद साली गोराईला खाडीपलीकडे मोठं पार्क उघडणार अशी आवई उठली. आकाशाला टेकणारे पाळणे, काय काय. सुलक्षणाने लगेच माझ्यापाशी जाहीर केलं, "जानकी, नंदूला न्यायचंच."

तिचा नवरा श्यामकांत मात्र पेपरात डोकं घालून बसला. विमा कंपनीत कारकून, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी पुस्तकातलं. एका नातेवाइकाच्या लग्नात नंदू किंचाळत सुटला होता आणि सगळा मांडव बघत राहिला होता, तेव्हापासून श्यामकांत त्याला घेऊन कुठेच जायचा नाही. दोन दिवसांनी तो सुलक्षणाला म्हणाला, "जाऊ. पण हे शेवटचं. तिथे तमाशा झाला तर मे महिन्यात आबा त्याला गावी घेऊन जातील आणि तो तिथेच राहील."

आबा म्हणजे त्याचे वडील, गुणाजी. गिरणीतून घरी बसलेले, मालवणकडचे. श्यामकांत दुष्ट नव्हता, पुरता थकला होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर वरण ओतावंसं वाटलं होतं.

सुलक्षणाने पदर खोचला. पार्क कुणीच पाहिलेलं नव्हतं, तरी आम्ही त्याची तालीम सुरू केली! गॅलरीत रांग लागली. मी खिडकीत बसून तिकिटं फाडायचे. बाकडं म्हणजे बोट, शेजारचे दोघे ते दोन्हीकडून हलवायचे. गोंगाटासाठी थाळ्या. पहिल्या दिवशी नंदू बाकड्यावर बसणार, इतक्यात आबा म्हणाले, "थांबा गो! गाऱ्हाणा नको घालूक?"

कोकणी माणूस देवाला साकडं घातल्याशिवाय कशाला हात लावत नाही. आबांनी हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं आणि सगळी गॅलरी ओरडली, "व्हय म्हाराजा!" नंदू खूश! नंदूचं असं की पहिल्यांदा जे झालं ते दर वेळी व्हायलाच हवं. त्यामुळे गाऱ्हाणं रोज झालं. सुलक्षणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, की आता ते बोटीचाच भाग होऊन बसलंय. आम्हाला ती आबांची हौस वाटत होती. श्यामकांत एकदाही तालमीला आला नाही, आत पेपर वाचत बसायचा.

नाताळच्या सुट्टीत पार्क उघडलं आणि आम्ही निघालो. आदल्या दिवशी आबांचा गुडघा टम्म सुजला, म्हणून त्यांच्याऐवजी मी. "माझा गाऱ्हाणा मी हयसूनच घालतंय," म्हणत त्यांनी दारातच हात जोडले.

बस झकास. तिकिटाची रांगही झकास. धक्क्यावर बोट लागली, लोक चढायला लागले आणि फळीपाशी नंदू थांबला. पाय उचलेना. इकडेतिकडे कुणाला तरी शोधू लागला.

"अगं, गाऱ्हाणं!" मी म्हटलं.

सुलक्षणाचा चेहरा उतरला. तिने हात जोडून गाऱ्हाणं म्हणायला घेतलं, पण नंदूने कान दाबले. हा आवाज आबांचा नव्हताच. मागून एकजण करवादला, "ओ बाई, पोराला बाजूला घ्या ना, सगळ्यांची खोटी होतेय!" नंदूच्या घशातून तो बारीक आवाज सुरू झाला. त्यानंतर काय होतं ते आम्हाला पाठ होतं.

श्यामकांत आधीच बोटीत चढला होता आणि आमचा काही संबंध नसल्यासारखा खाडीकडे बघत उभा होता. तो वळला. मला वाटलं, झालं, आता हा आम्हाला घरी नेणार.

तो फळीवरून खाली आला. नंदूसमोर उभा राहिला. घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा!"

हुबेहूब आबा! "आज ह्या तुझा लेकरू बोटीत पाय ठेवता हा. तेका सुखान ने, सुखान परत हाड, वाटेत काय इडापीडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

आम्ही दोघी इतक्या थक्क झालो की उत्तर द्यायचंच विसरलो. मागचा तो करवादणाराच ओरडला, "व्हय म्हाराजा!" मग अर्धी रांग ओरडली. अर्धी बोरिवली कोकणातलीच की! नंदूने कानांवरचे हात काढले आणि फळीवर पाय ठेवला.

पार्कात तो एकाही पाळण्यात बसला नाही. सगळ्यात मोठ्या पाळण्याखाली जमिनीवर बसून त्याचं फिरणं बघत राहिला, दुपारभर, तोंड उघडं टाकून. श्यामकांत त्याच्या शेजारी मातीत बसला. इस्त्रीची पार वाट लागली.

परतताना बोटीत सुलक्षणाने शेवटी विचारलंच. "मग? मे महिन्याचं काय?"

"मी तेका खंय धाडूचंय नाय," श्यामकांत म्हणाला. "माका करमूचा नाय गो."

बोलत होता तिच्याशी, पण बघत होता नंदूकडे.