पाचवी सही

आर्वीच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या माणसाने परदेशी नोटा जमवाव्यात, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं. वडील म्हणायचे, जी नोट बाजारात चालत नाही तिला आपण रद्दी म्हणतो. पण नव्वदीच्या दशकात मला हा नाद लागला तो लागलाच. सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकायला आलेली परदेशी मुलं, पुलगावहून बदली होऊन जाणारे फौजी, पत्राने व्यवहार करणारा मुंबईचा एक विक्रेता, जिथून मिळेल तिथून मी नोटा मिळवायचो. किमतीपेक्षा मला त्यांच्याबद्दल पडणारे प्रश्न जास्त आवडायचे. माझ्याकडे आफ्रिकेतल्या एका देशाची नोट होती, तिच्यातून राष्ट्राध्यक्षाचं तोंड गोल कापून काढलेलं. त्याचं राज्य उलथलं, नव्या नोटा छापायला सवड नव्हती, म्हणून जुन्याच भोक पाडून वापरल्या. ते कापायला कोण बसलं असेल? कापलेल्या तोंडांचं पुढे काय केलं असेल? गिऱ्हाईक ब्लाउजपीस मागत उभं राहायचं आणि मी भिंगातून त्या भोकाची कड बघत असायचो.

दोन-चार पुस्तकं वाचून मी अर्ध्या हळकुंडाने पिवळाही झालो होतो. नोट करकरीत हवी, डाग पडला की तिचं मोल उतरलं, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो. ऐकणारे बिचारे कापड घ्यायला आलेले असायचे.

एका वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी पुलगावचे एक निवृत्त शाळामास्तर एसटीने माझ्या दुकानात आले. आयुष्यभर मुलांची अक्षरं वळवलेला माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. वहीच्या पानांत जपलेली एक नोट त्यांनी काउंटरवर ठेवली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेशात चालवलेली ती नोट होती. तिच्यावर नंबर नव्हता, नुसती इंग्रजी अक्षरं. युद्ध संपल्यावर ती कागदाचा कपटा झाली आणि बऱ्याच सैनिकांनी आठवण म्हणून घरी आणली. मी लगेच सांगून टाकलं, की ही काही दुर्मिळ नाही. मास्तरांनी शांतपणे नोट उलटी केली. मागच्या बाजूला वेगवेगळ्या लिप्यांत शाईने केलेल्या सह्या होत्या. मग मात्र मी स्टूल ओढून बसलो.

मास्तरांचे वडील त्या लढाईत फौजेत होते. ते परत आले नाहीत. मास्तर तेव्हा पाळण्यात होते. वडिलांचा फोटो नाही, पत्र नाही. त्यांच्या एका सोबत्याने ही नोट मास्तरांच्या आईला आणून दिली आणि सांगितलं, की ताटातूट होण्याआधी आम्ही पाच जणांनी हिच्यावर सह्या केल्या, त्यात तुझ्या घरधन्याचीही आहे. आईला वाचता येत नव्हतं. तिने मरेपर्यंत नोट सांभाळली. मास्तर अक्षर शिकले तेव्हापासून वडिलांची सही शोधत होते. मराठीत सही एकच होती आणि ती त्या सोबत्याची निघाली.

“बाकीच्या तीन मले वाचता येत नाई,” मास्तर म्हणाले. “त्यातली एखादी माह्या बापाची असंन. फौजेत दुसरी लिपी शिकला असंन. भाऊ, तुम्ही जगभरातल्या नोटा पाहता, एवढं शोधून द्या.”

असं कोडं मला आजवर कुणी आणून दिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, काम झालं तर नोट आपल्याच संग्रहात येईल अशी आशाही मनात होती. मी नोट ठेवून घेतली आणि दुकान वाऱ्यावर सोडून फिरू लागलो. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या सरदारजींनी गुरमुखी सही वाचून दिली. सावंगीच्या दवाखान्यातल्या एका नर्सने तमिळ वाचली आणि हा माणूस आता कुठे आहे, म्हणून मलाच विचारलं. उर्दू आमच्या दुकानाशेजारच्या म्हाताऱ्या टेलरने वाचली. वाचताना प्रत्येकाने ते नाव जरा मोठ्याने उच्चारलं, त्याचं मला फार नवल वाटलं. पण तिन्ही नावं परक्याच माणसांची. सह्या चार, माणसं पाच. मास्तरांचा बाप कुठेच नव्हता.

तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यातल्या काळपट डागावर गेलं. शाई सांडलेली दिसत होती. पाचवी सही त्याच्याच खाली दबली असणार, असं माझ्या विद्वान डोक्याने ठरवलं. शाई खोडायचं खरखरीत रबर घेतलं आणि खालच्या बाजूने हलक्या हाताने घासत गेलो. अर्धा डाग गेला, कागद पातळ झाला, खाली काही निघालं नाही. एवढ्यात दिवाळीची गर्दी सुरू झाली म्हणून मी थांबलो. नाहीतर उरलेलंही घासलं असतं.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे गल्ल्यातलं, कपाटातलं सगळं पूजेच्या ताटात मांडतात. माझ्या नोटा त्यात कधी नसायच्या. त्या वर्षी बायकोला वाटलं, नवऱ्याच्या धनालाही मान द्यावा. मी दुकानातली पूजा आटोपून घरी आलो तर ताटात माझा अल्बम उघडा, त्याच्याजवळ मास्तरांची नोट पालथी ठेवलेली आणि डागाला लागूनच ओल्या कुंकवाचं बोट. मी इतका ओरडलो की शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काऊन वरडून राह्यले?” बायको म्हणाली. “तिकडं आधीच कोणाचा तरी अंगठा होता. म्हणून म्या त्याच्या बाजूले लावलं.”

मी भिंग आणलं. कुंकवाच्या बोटात तिच्या कातडीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. शेजारच्या काळ्या डागात, मी न घासलेल्या वरच्या भागात, तशाच रेघा होत्या. गोल वळत गेलेल्या. मी महिनाभर तो डाग बघत होतो. मला तो डागच दिसत होता, कारण डाग बघायचीच सवय मी डोळ्यांना लावून घेतली होती.

पाडव्याला सकाळच्या गाडीने पुलगावला गेलो. मास्तरांच्या बैठकीत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि त्याखाली त्यांना मिळालेली प्रशस्तिपत्रं होती. बहुतेक प्रौढशिक्षणाच्या वर्गांची. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चार सह्या कुणाच्या ते, कुंकवाचं, रबराचं. अर्धा अंगठा मी खोडला, हेही लपवलं नाही.

मास्तरांनी नोट माझ्या हातातून घेतली. मला वाटलं आता ते मला घराबाहेर काढतील, आणि ते मला रास्तच वाटलं असतं.

“किती जणांचे अंगठे सोडवले म्या,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या बायांले सही शिकवली. अन् पोरांले सांगत आलो, तुमचा आजा फौजेत सही करे.”

मी माफी मागितली. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीजवळ गेले आणि नोट उजेडात धरली. मग ती खिडकीच्या फळीवर सपाट ठेवून आपला अंगठा ठशाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर अलगद टेकवला. उचलला, पुन्हा टेकवला. दोन्ही बाजूंनी काळ्या शाईची कड बाहेर दिसत होती.

“इकडं या, पहा,” त्यांनी मला जवळ बोलावलं. “माह्यापेक्षा रुंद हाय. मोठ्या हाताचा होता माहा बाप.”