जर्मलच्या बोटीची लाल दोरी

चहा तुमचा आहे, म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी दाबून ठेवली होती. माझ्या हातून चुका कमी होतात. पण ही एक झाली ती अशी, की सांगली जिल्ह्यात सुरू झाली आणि सातारा जिल्ह्यात संपली. एका जिल्ह्यात मावली नाही.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडे, कृष्णेच्या काठाला. मोठ्या पुरात गावात पाणी शिरलं आणि बाहेरची बोट यायला तिसरा दिवस उजाडला. तोवर आम्ही काय करायचं? गुऱ्हाळावरची काहील पाण्यात ढकलली. गूळ आटवायची ती मोठी कढई. तीत रहीम मिस्त्रीच्या आईला बसवून शाळेच्या उंचवट्यावर नेली. म्हातारी नव्वदीला टेकलेली, कंबर गेलेली, बसवत नाही. आणि काहील कधी सरळ जाते का? ती गरागरा फिरते. शाळेत पोचल्यावरही म्हातारी दोन दिवस खांबाला धरून म्हणत होती, "आरं थांबवा की रं कुणीतरी."

म्हणून ग्रामसभेत ठरलं, गावाची स्वतःची बोट पाहिजे. बघायला सरपंचबाई सुनंदा, इंजनाचा जाणकार म्हणून रहीम मिस्त्री, आणि बोटीचा जाणकार म्हणून मी.

मी कसा? तेच तर सांगतोय.

पलटणीतून आल्यापासून मी पारावर एक वाक्य सांगत आलोय : "मिल्ट्रीत माझं नाव होतं." खोटं नाही ते. मी लंगरात होतो, म्हणजे स्वयंपाकात, आणि माझ्या डाळीचं सगळ्या पलटणीत नाव होतं. डाळीचं तेवढं मी पारावर बोलत नव्हतो. ऐकणाऱ्यांनी इतक्या वर्षांत 'नाव होतं'चं 'नाव होती' केलं. नाव म्हणजे होडी. ग्रामसभेत मागून कोणीतरी उठून म्हणालं, "आवं, आप्पांची मिल्ट्रीत नाव व्हती की. त्यास्नीच पाठवा."

तेव्हाच बोलायचं होतं. एका वेलांटीचा प्रश्न होता. पण टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर वेलांटी कोण काढत बसतो? मी मिशीवरून हात फिरवला आणि गप्प बसलो. मी मुळात कमी बोलतो. लोकांना वाटलं, अनुभवी माणूस.

भाड्याची जीप करून आम्ही वाईला गेलो. विकणाऱ्यानं दोन बोटी वरच्या धरणाच्या पाण्याला लावून ठेवल्या होत्या. त्याचा माणूस टाय लावून उभा. तिशीचा असेल, नोकरीला लागून महिना झालेला. सगळं त्याच्या हातातल्या कागदावर होतं, डोक्यात काही नव्हतं.

एक बोट लाल रंगाची, निमुळती, बुडाला धार. दुसरी बिनरंगाची, रुंद, ताटासारख्या सपाट बुडाची. दोन्हींच्या मागं इंजन लटकवलेलं.

मी टिचकी मारून पत्रा वाजवला. "जर्मल हाय न्हवं?"

आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मल म्हणतात. तो म्हणाला, "नाही सर, जर्मन नाही. भारतीय बनावट आहे."

मी पुढं विचारलं नाही. असल्यांशी काय बोलायचं?

रहीमनं येतानाच सांगून ठेवलं होतं, "आप्पा, माझी आई आडवी झोपली पायजे. बाकी रंग, ढंग काय आसंल ते आसू द्या." आता तुम्हीच सांगा, यात निवडायला काय होतं? लाल बोटीत आडव्या फळ्या ठोकलेल्या, मांजरसुद्धा पसरून झोपलं नसतं. सपाट बोट म्हणजे मोकळं अंगण. वर तिचं बूड सपाट, गल्लीतल्या गुडघाभर पाण्यातही चालणार. मी मनात तीच धरली.

आधी लाल बोट फिरवून बघायचं ठरलं. ते तिघं बसले. मला म्हणाले, चला. मी म्हणालो, तुम्ही जाऊन या, मी तोवर दुसरी तपासतो. खरं कारण हे की मला पोहता येत नाही.

ते लांब गेले आणि मी सपाट बोटीची तपासणी काढली. पत्रा वाजवला. सांधे चाचपले. सगळं ठाकठीक. इंजनावर मात्र एक लाल दोरी लोंबत होती. जुन्या फोनच्या वायरीसारखी वेटोळी, टोकाला चाप. मला वाटलं, नव्या गाडीला शोरूमवाले रिबन बांधतात, तसलं काहीतरी. मला असला नखरा आवडत नाही. माल दाखवायचा तर उघडा दाखवावा. मी ओढली. टपकन निघाली. कचरा पाण्यात टाकणं बरं नव्हे, म्हणून खिशात ठेवली.

बघा, शिस्त कुठं नडते ते.

ते परत आले. लाल बोट झकास चालली म्हणे. मग टायवाल्यानं सपाट बोटीच्या इंजनाची दोरी ओढली. म्हणजे सुरू करायची, काळी. इंजन गप्प. पुन्हा ओढली. गप्प. दहा-बारा वेळा ओढून तो घामाघूम झाला.

रहीमनं बाह्या सारल्या. पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, कसलंही मुकं इंजन त्यानं बोलतं केलेलं आहे. म्हणाला, "बाजूला व्हा. ह्याला मी बघतो." मीही मागं हात बांधून म्हणालो, "बघ की रं. मिस्त्री म्हणवतोस न्हवं?"

त्यानं प्लग काढला, पुसला, लावला. पेट्रोल तपासलं. नळी फुंकली. ऊन वर चढलं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले. तोंडातून इंजनाचं सगळं खानदान निघत होतं, आणि सरपंचबाई धरणाच्या भिंतीकडं बघत निसर्ग न्याहाळल्यासारखं करत होत्या. असे दोन तास गेले. शेवटी रहीम काठावर बसला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, हात गेला माझा. वय झालं."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, तोवर मला काहीच कळलेलं नव्हतं. खोटं अजून सुरू व्हायचं होतं.

टायवाल्याच्या फोनला खाली रेंज नव्हती. तो बांधावर चढला, कंपनीच्या इंजिनिअरशी बोलला आणि वरूनच ओरडत आला. इंजनाला एक लाल दोरी असते म्हणे, चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजन आपोआप बंद होतं. ती दोरी जागेवर नसेल तर बाप आला तरी इंजन सुरू होत नाही.

माझा हात खिशावर गेला.

सगळे शोधायला लागले. बोटीत, गवतात, चिखलात. मी पण शोधलं. वाकून, अगदी मन लावून. दुसरं काय करणार होतो? टायवाला म्हणाला, पाण्यात पडली असणार, लाल बोटीची दोरी या इंजनाला बसत नाही, नवी मागवावी लागेल.

सरपंचबाई वैतागल्या. त्यांचंही बरोबर होतं. म्हणाल्या, "यवढीशी दोरी गेली की बोट बंद? पुरात कोण शोधत बसणार हाय? लाल बोट डोळ्यासमोर चालली. तीच घ्यायची. आप्पा, तुमी काय म्हणता?"

मी मिशीवरून हात फिरवला. पण मिशी काय मदत करणार?

रहीम उठला. काळे हात मातीला पुसत म्हणाला, "घ्या लाल. आईला बसवीन. पाठीमागनं धरून बसवीन कशीतरी."

तेवढ्यावर मी मोडलो. खिशात हात घातला आणि दोरी ओढली. निम्मी आली, निम्मी आत राहिली. वेटोळी दोरी ती, ओढली की लांब होते, सोडली की परत खिशात जाते. तीनदा आत गेली. गुन्हा कबूल करायचा, तर तोही धड करू देईना. चौथ्यांदा चाप सुटून माझ्या नाकावर बसला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

टायवाला म्हणाला, "पण सर, तुम्ही तर आर्मीत बोटीवर होतात ना?"

"लंगरात होतो. डाळ करायचो."

सरपंचबाईंनी तोंडाला पदर लावला. थोड्या वेळानं काढला आणि विचारलं, "मग सकाळधरनं पत्रा वाजवून काय बघत व्हता?"

"पातेलं बघत्यात तसं बघितलं. पत्रा जाड हाय. सांधा वितळवून जोडलाय, कुठं रिबेटाचा खिळा न्हाई. जर्मलचं पातेलं पयल्यांदा रिबेटातच गळतं. लाल बोटीला सगळीकडं रिबेट हायत."

त्यांनी स्वतः एकदा पत्रा वाजवला. मग टायवाल्याला म्हणाल्या, "सपाट बोटीचा कागद काढा. पातेलं कळतंय ह्यास्नी."

रहीमनं माझ्या हातातून दोरी घेतली. चाप लावला, काळी दोरी एकदाच ओढली. इंजन सुरू झालं. त्यानं ते बंद केलं आणि बोटीत सरळ आडवा झाला. पाय पसरले, कुशीवर वळून बघितलं, उठला. "मावती आई," असं सरपंचबाईंना म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

परतीला सरपंचबाई पुढं बसल्या, आम्ही दोघं मागं. वाई गेली, सातारा गेला. मी रहीमला पाण्याची बाटली दिली, घेतली नाही. उंब्रज आलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"आप्पा, दोन तास मी त्या इंजनाला शिव्या घातल्या. इंजन निर्दोष निघालं. आता त्या शिव्यांचं काय करू?"

मी म्हणालो, "माझ्या हायत त्या. दे."

उंब्रजपासून त्यानं एकेक करून दिल्या. पुढं बाई माणूस होतं, म्हणून कानाशी तोंड आणून. मी मान खाली घालून घेत गेलो. कराडच्या जवळ एक पुन्हा आली, तेव्हा न राहवून म्हटलं, "ही दिलीस की मघाशी."

"आसू द्या," रहीम म्हणाला. "प्लग काढताना ही दोनदा घातली व्हती."