सगळ्यांच्या नऊशे नळ्या

तेरखेड्याच्या एका फटाक्याच्या शेडमध्ये संघप्रिया देखरेखीला आहे. मुक्त विद्यापीठातून व्यवस्थापनही शिकते. माणूस कशानं मन लावून काम करतो, यावर तिला प्रकल्प लिहायचा होता. एक पंडित म्हणे, आधी पोट भरा, मग मान द्या. दुसरा म्हणे, पगारानं कुरकुर थांबते, हुरूप येत नाही. तिसरा म्हणे, बक्षीस दाखवा. यातला खरा कोण? या प्रश्नानं तिची झोप उडवली. हौस दांडगी! तिनं भिंतीवर फळा टांगला, आठ बायकांची नावं लिहिली. जी सर्वांत जास्त कागदी नळ्या वळेल, तिला महिनाअखेर कुकर.

पहिल्या दिवशी मथुराबाईच्या बाराशे झाल्या, म्हाताऱ्या द्वारकाबाईच्या सहाशे. मालक योगीराज फळ्यापुढं थांबले. "बरं केलंस. महिनाअखेर शेवटचं नाव कामावरून कमी करू."

संघप्रियाच्या हे ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठही जणींच्या बरोब्बर नऊशे. तिसऱ्या दिवशीही तेच. आता द्वारकाबाईची बोटं सांध्यांत वाकलेली. ती मथुराबाईची बरोबरी कशी करील? संघप्रियाला राहवेना. नळ्या चिकटवायची खळ तपासायच्या निमित्तानं ती जवळ जाऊन बसली, तर मोजणीआधी मथुराबाई आपल्या नळ्या गुपचूप द्वारकाबाईच्या टोपलीत सारताना दिसली.

"मावशी, कुकर नको व्हय तुम्हाला?"

"हाय की घरी," मथुराबाई हात न थांबवता म्हणाली. "फळा लावला की कुणीतरी खाली येणारच. म्हणून आमी सगळ्या सारख्याच केल्या."

"पण तुम्हाला यातनं काय मिळतं?"

"द्वारका न्हाय आली तर दिसभर म्या कुणासंगं बोलायचं गं?"

हे उत्तर कुठल्या पंडिताच्या पदरात घालावं, संघप्रियाला कळेना. हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती स्वतःच सकाळपासून नळ्या वळायला बसली. संध्याकाळी योगीराज आले आणि फळा पाहून वैतागले. "सगळ्या नऊशे? मग शेवटचं नाव कुठाय?"

"ते काय, नववं. संघप्रिया, दोनशे दहा. कमी करायचं तर मला करा, साहेब."

योगीराज तिच्या खळीनं माखलेल्या हातांकडं बघतच राहिले. मथुराबाई उठली, आपली टोपली उचलली आणि कुणालाही न विचारता संघप्रियाच्या टोपलीत नळ्या ओतू लागली.