नणंदबाईंचा जर्मनीतला रविवार

बंद दुकान ही गोष्ट माझ्या नणंदबाईंनी आयुष्यात कधी मान्य केलीच नाही. बालाघाटला आमच्या गल्लीतला किराणावाला दुपारी शटर ओढून जेवायला बसला, की नेमका तेव्हाच त्यांना हिंग लागायचा. मग त्या शटरवर थापा मारायच्या, आणि तो बिचारा खरकटा हात धुऊन हिंग काढून द्यायचा. अशा बाईला घेऊन मी जर्मनीला गेले. त्यांचा मुलगा तिथे नोकरीला, आणि एकटीने विमानात बसायला त्या तयार नव्हत्या. मी तेव्हा साठीतली तरुणी. पायात नवे पांढरे बूट, आणि मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून परदेश कोळून प्यालेली. आता आठवलं तरी पोटऱ्या दुखतात.

माझ्या हुशारीने पहिल्याच सोमवारी आम्ही ट्राम बदलत बदलत एक संग्रहालय गाठलं. सोमवारी ते बंद असतं, हे माझ्या व्हिडिओत नव्हतं. भुकेने कासावीस होऊन हॉटेल शोधलं, तर दुपारचं स्वयंपाकघर बंद झालेलं, आता एकदम संध्याकाळी. दुपार कलल्याशिवाय नणंदबाईंना जेवायची सवय नाही. तिथेच पायरीवर बसून पिशवीतला चिवडा खाताना त्या म्हणाल्या, "वैनी, ह्या लोकांले भूक घड्याळ पाहून लागते काय?" मी तोऱ्यात शिस्तीवर भाषण दिलं. भाषण देताना माझाही हात चिवड्यातच होता.

खरं तर त्यांना संग्रहालयाशी काही घेणं नव्हतं. मुलगा सकाळी आम्ही उठण्याआधी जायचा, आणि रात्री यायचा तो लॅपटॉप उघडूनच ताटावर बसायचा. त्याने एकदा समोर बसून निवांत जेवावं, एवढ्यासाठी त्यांनी बालाघाटहून चिन्नौर तांदूळ आणला होता. आमच्या मुक्कामात रविवार असा एकच येत होता. बेत कढी-भाताचा. दही काय, सकाळी कोपऱ्यावरून आणू, असं त्यांनी ठरवलं, आणि मी जाणकारासारखी मान डोलावली.

रविवारी अख्खं गाव कुलपात. नणंदबाई कोपऱ्यावरच्या दुकानाच्या शटरवर थापा मारू लागल्या. वरच्या खिडकीतून एक म्हातारी डोकावली. तिचा त्या दुकानाशी संबंधही नसावा, पण नणंदबाईंनी तिला रस्त्यावरून हातानेच ताक घुसळून दाखवलं. तेवढ्यात मुलगा धावत आला. "आई, यहाँ ऐसा नहीं चलता. संडे को सब बंद रहता है," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"दुकान बंद हाये. मानूस थोडाच बंद हाये?" नणंदबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या.

म्हातारीला हात जोडून मुलगा आईला घरी घेऊन आला.

कढी झालीच नाही. भातावर तूप आणि लोणचं, एवढंच. पण त्याने लॅपटॉप उघडला नाही. पुन्हा भात मागितला, गल्लीतल्या एकेकाची चौकशी केली, आणि बोलता बोलता आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपून गेला. मी भांडी उचलायला उठले, तर नणंदबाईंनी डोळ्यांनीच बसवलं. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "दही भेटलं असतं तं मी सारा वेळ गॅसपाशीच राह्यली असती, वैनी."

पायाला मुंग्या आल्या तरी त्या हलल्या नाहीत. तिकडे उन्हाळ्यात रात्रीची जेवणं उरकली तरी ऊन असतं. त्या दिवशी मात्र फार लवकर अंधारून आल्यासारखं वाटलं.