गिनी पिगांच्या घराचा उतार

उभा जन्म नळकामात गेलेला. त्यामुळे घरात दोन गिनी पिग आणायचे ठरल्यावर मिस्त्रींच्या डोक्यात आधी आलं ते सांडपाणी. बेवारस प्राणी सांभाळणाऱ्या बाईंनी जोडी देते असं अजून म्हटलेलं नव्हतं. आधी जागा बघते, मग ठरवते, एवढंच. पण मिस्त्री कामाला लागलेसुद्धा.

खिडकीखाली त्यांनी ऐसपैस पेटी बांधली. तळाला पत्रा, पत्र्याला उतार, उताराच्या टोकाला नळी, वर जोडीला वावरायला जाळी. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. थेंब राहिला नाही.

"आयुष्यभर माणसांचे संडास बसवले, आता उंदरांचे," बायको म्हणाली.

"उंदीर नव्हेत ते. एका जागी शू करायचं वळण लावता येतं म्हणे."

"तुम्हाला अजून ओला टॉवेल दांडीवर टाकायचं वळण लागलं नाही."

बोलली खरी, पण सकाळपासून दाराकडे कान लावून तीच बसली होती.

बाई आल्या. जाळीवर तळहात दाबून धरला आणि मिस्त्रींपुढे केला. तळव्यावर चौकटी उमटल्या होत्या.

"काका, काम सुरेख आहे. पण त्यांचे पाय फार नाजूक. जाळीवर सोलून निघतील. असं असेल तर मला देता येणार नाहीत."

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. "मग शू जायची कुठं?"

"ते तेच ठरवतील. सपाट तळ करा, वर जाड कापड. कुठल्या कोपऱ्यात जास्त बसतात ते बघा आणि तिथं ट्रे ठेवा. ट्रेमध्ये कागदाचा चुरा, शेजारी गवत. खाता खाता उरकतात. लेंड्या मात्र इकडंतिकडं पडणारच."

नळकामात जागा आधी ठरते, माणूस नंतर तिथं जातो. इथं सगळं उलटं. पण चुकलेलं काम झाकायचं नसतं, उखडायचं असतं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर उचलला. बाईंचा चहा संपेपर्यंत जाळी निघाली, पत्रा निघाला, सपाट फळी बसली. बायकोनं जुनी चादर चौपदरी करून अंथरली, सुरकुती न सुरकुती काढली.

बाईंनी कापड चाचपलं. "उद्या सकाळी या घ्यायला."

"आत्ता तुमच्या मागोमाग आलो तर?"

बाई हसल्या. बायको तोवर चपला घालून जिन्यात जाऊन उभी राहिली होती.